शेताचा कठडा

नव्या घराच्या धाब्याला कठडा करावा, अशी आज्ञा अनुवाद २२:८ मध्ये आहे. कोणी पडला तर दोष घरावर येतो. घरधन्याने त्याला ढकललेले नसते, तरीही!

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पांढुर्णा-सौंसरकडेही कपाशी आहे, संत्र्याच्या बागा आहेत. ज्याला आपण ‘औषध’ म्हणतो ते विषच, आणि पंप बहुधा मजुराच्या पाठीवर असतो. ‘मजुरी दिली, पुढे त्याचे नशीब,’ असे ख्रिस्ती मालकाने म्हणावे काय? हातमोजे, तोंडाला फडके, वारा पाहून फवारणी, विहिरीपासून दूर धुतलेला पंप, हा शेताचा कठडा होय. त्याला खर्च येतो. धाब्याच्या कठड्यालाही येत असे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा धडा मुलांबरोबर त्यांच्या वडिलांनाही शिकवावा.