फोटोत न येणारं काम

तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होते आणि लग्नांचं नियोजन करणाऱ्यांचे फोन खणखणू लागतात. मुलीचे आईवडील समोर बसले की पहिली मागणी ठरलेली, ‘आधीची कामं दाखवा.’ मग टॅबवर फोटो सरकू लागतात. झेंडू-निशिगंधाच्या माळांनी भरलेला मांडव, दिव्यांनी उजळलेलं लॉन, गुलाबांच्या कमानीखाली नवरानवरी. बघणाराही खूश, दाखवणाराही.

गंमत अशी की या फोटोंत दिसतं ते जवळजवळ सगळं दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं. फुलं फुलवाल्याने पहाटे दादरहून किंवा मार्केट यार्डातून उचललेली, स्टेज डेकोरेटरच्या सुतारांनी रात्रभर जागून ठोकलेलं, उजेड लाइटवाल्याचा आणि फोटो फोटोग्राफरचा. नियोजकाचं काम फोटोत येतच नाही. मुहूर्त बारा सत्तावीसचा, म्हणून मेकअपवालीला पहाटेची वेळ देणं. पहिली पंगत उठायच्या आत दुसरीची माणसं खुर्च्यांमागे येऊन उभी राहणार नाहीत, हे बघणं. लॉनवरचा जनरेटर आदल्या संध्याकाळीच चालवून पाहणं. मंगलाष्टकं चालू असताना बँडवाल्याला दारातच थोपवणं. हे जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. फसलं तर वऱ्हाड वर्षभर बोलतं.

स्वतःचं काम दाखवता येत नाही म्हणून दुसऱ्याचं दाखवायचं आणि खाली फक्त आपलं नाव टाकायचं, हा मोह इथूनच सुरू होतो. सिनेमा संपल्यावर पाट्यांत लाइटमनपर्यंत सगळ्यांची नावं येतात. लग्नाच्या अल्बममध्ये मांडव बांधणाऱ्याचं नाव टाकायला एक ओळ पुरते, तरी ती टाकायला हात धजत नाही. कारण साधं आहे. उद्या गिऱ्हाईक थेट त्याच्याकडेच गेलं तर? ही भीती खोटी नाही. पण जो नियोजक फक्त डेकोरेटरचा फोन नंबर विकत असेल, त्याचं गिऱ्हाईक आज ना उद्या जाणारच.

फोटो कुणाचा, हाही प्रश्न आहेच. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नघर. नियोजक या हिशेबात कुठेच नाही. तरी हळदीत बापाच्या गळ्यात पडून रडणाऱ्या मुलीचं रील न विचारता जाहिरातीत फिरतं. पुढे ते लग्न मोडतं, रील मात्र चालूच राहतं. परवानगी मागायची तर ती बोहल्यावरच्या गडबडीत नको. पंधरा दिवसांनी, घरचे पाहुणे पांगल्यावर मागावी आणि ‘नको’ म्हटलं तर विषय तिथेच सोडावा.

मग दाखवायचं काय? माझ्या मते, नावं झाकून त्या दिवसाचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक दाखवावं. पाऊस आला तर पंगत कुठे हलवायची, त्याचा नकाशा दाखवावा. ठरलेलं बजेट आणि झालेला खर्च शेजारी शेजारी ठेवावेत, फरक पडला असेल तर तोही लपवू नये. सजावटीआधीच्या उघड्याबोडक्या लॉनचा एक फोटो असावा. घरात कार्य काढलेल्या माणसाला कमानीपेक्षा हे कागद वाचायला जास्त आवडतील. निदान पाकीट सांभाळणाऱ्याला तरी.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं, ही खरी अडचण. हॉल भाड्याने घ्यायचा, मॉडेल उभ्या करायच्या आणि खोट्या लग्नाचे खरे फोटो काढायचे, ही सर्रास चालणारी तोड आहे. खाली ‘नमुन्यासाठी केलेली मांडणी’ असं लिहिलं, तर त्यात वावगं काही नाही. तेवढं मात्र क्वचितच लिहिलेलं दिसतं. त्यापेक्षा एखाद्या पोराने सरळ लिहावं : ‘मोठ्या टीमच्या हाताखाली होतो, पाहुण्यांच्या खोल्या आणि गाड्या माझ्याकडे होत्या.’ मी तर अशाच पोराला बोलावीन. स्टेजवर फुलं चार कमी पडली तर कुणी मोजत नाही, पण रात्रीच्या गाडीने आलेल्या आत्याबाईंना खोलीची किल्ली मिळाली नाही, तर त्याचा जाब यजमानालाच द्यावा लागतो.