मोडक्या लोखंडातला शोक

१ एप्रिल १९८० रोजी पश्चिम बर्लिनमध्ये ‘आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन’ हा बँड पहिल्यांदा लोकांसमोर आला. नावाचा अर्थ ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’. रोख होता महायुद्धानंतर घाईघाईने उभारलेल्या काँक्रीटच्या बांधकामांवर. पुढच्याच महिन्यात, २१ मे रोजी, त्याच शहरातल्या काँग्रेस हॉलचे छप्पर कोसळून एकाचा जीव गेला. तो योगायोगच होता, पण पक्के म्हणून उभे केलेले खरोखर पक्के असते का, ही नावामागची शंका पोरकट नव्हती.

ब्लिक्सा बार्गेल्ड आणि एन. यू. उनरू हे या बँडचे मूळ पुरुष. पैशांची चणचण होती. उनरूने ड्रम विकून टाकले आणि भंगारातले पत्रे, स्प्रिंगा, पाइप वाजवायला सुरुवात केली. ‘कोलाप्स’ (१९८१) या पहिल्या अल्बमच्या छायाचित्रात हे सगळे साहित्य बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमसमोर रांगेने मांडलेले दिसते. नाझी राजवटीने स्वतःच्या वैभवासाठी बांधलेली ती वास्तू आणि तिच्या पुढ्यात हातोडे, ड्रिल, लोखंडाचे तुकडे. या बँडचा पुढचा सारा विचार त्या एका चित्रात आहे.

कारखान्यातले आवाज संगीतात आणण्याची कल्पना त्याहून जुनी. इटलीच्या लुइजी रुसोलोने १९१३ मध्येच गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला होता. लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ने १९७६ मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि तिच्यावरून या प्रकाराला नाव पडले. मात्र रुसोलोच्या पंथातल्या फ्युचरिस्टांना यंत्राबरोबर युद्धाचेही वेड होते. युद्ध म्हणजे जगाची साफसफाई, असे त्यांच्यातल्याच मारिनेत्तीने १९०९ मध्येच लिहून ठेवले होते. त्यामुळे यंत्राचा आवाज वाजवणाऱ्या प्रत्येकाला एका नैतिक प्रश्नाला तोंड द्यावे लागते: मोडतोडीत रमणारी कला अखेर हिंसेच्याच बाजूला जाऊन उभी राहते का?

सुरुवातीच्या वर्षांत उत्तर ‘हो’ असेल, असे वाटण्याजोगे बरेच घडले. ३ जानेवारी १९८४ रोजी लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत बँडमधले काही जण आणि इतर कलावंत ड्रिल, करवती आणि काँक्रीट मिक्सर घेऊन मंचावर आले आणि मंचच खणू लागले. आयोजकांनी कार्यक्रम मध्येच थांबवला, तेव्हा प्रेक्षकांनी दंगा केला. पण त्याच काळातला ‘हाल्बर मेन्श’ (१९८५) हा अल्बम ऐकला की दुसरी बाजू दिसते. शीर्षकगीतात धातूचा मागमूस नाही, फक्त मानवी आवाजांचा समूह आहे. जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिनने १९३१ च्या एका छोट्या लेखात विध्वंसक वृत्तीचे वर्णन केले आहे. तिला ढिगाऱ्याचे प्रेम नसते. तिला मोकळी जागा हवी असते आणि ढिगाऱ्यातून जाणारी वाट हवी असते. नॉयबाउटेनला लावायला याहून नेमकी कसोटी नाही.

‘हाउस डेर ल्यूगे’ (१९८९) या अल्बमच्या शीर्षकगीतात असत्याच्या घराचे मजले एकामागून एक येतात आणि अगदी वर देवाने स्वतःचा अंत करून घेतलेला आढळतो. नीत्शेच्या १८८२ च्या ग्रंथातला वेडा माणूस देवाच्या मृत्यूचा दोष आपणा सर्वांवर ठेवतो. इथे आरोपीच उरत नाही, आणि ते जास्त भयाण आहे. खून झाला असेल तर पश्चात्तापाला निदान जागा असते.

पुढे आवाज ओसरला. ‘सायलेन्स इज सेक्सी’ (२०००) मध्ये शांततेलाच वाद्याचा मान मिळाला. सिगारेट ओढतानाची बारीक चरचर त्यात ऐकू येते. २००२ पासून बँडने श्रोत्यांकडून थेट वर्गणी घेऊन काम सुरू केले. वर्गणीदारांना तालमी इंटरनेटवरून पाहता येत, मतही देता येई. ‘आलेस वीडर ऑफेन’ (२००७) कोणत्याही कंपनीच्या आधाराशिवाय निघाला. आपले संगीत कोणत्या मोलाचे हे बाजाराने ठरवू नये, हा आग्रह भंगारातून वाद्य करण्याच्या आग्रहाशी सुसंगतच आहे.

मूळ प्रश्नाचे खरे उत्तर मात्र ‘लॅमेंट’मध्ये (२०१४) मिळते. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त बेल्जियममधल्या डिक्समाउडे या शहराने ही रचना करवून घेतली. त्यात काटेरी तारेचे वीणेसारखे वाद्य आहे. एका भागात युद्धातल्या वीस देशांसाठी वीस पाइप आहेत. प्रत्येक ठोका म्हणजे एक दिवस, आणि देश युद्धात उतरला की त्याचा पाइप वाजू लागतो. दीड हजारांहून अधिक दिवस तेरा मिनिटांत संपतात. त्यात वीरश्री नाही, विलापाचे सूरही नाहीत. नुसती मोजणी आहे, आणि ती ऐकवत नाही.

दुसऱ्या एका भागात सोळाव्या शतकातल्या क्लेमेन्स नॉन पापाची उधळ्या पुत्राच्या दृष्टांतावरची धार्मिक रचना आहे. तिच्यात जर्मन छावण्यांतल्या युद्धकैद्यांचे ध्वनिमुद्रित आवाज मिसळतात. भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्याकडून त्यांच्या त्यांच्या भाषेत तोच दृष्टांत वदवून घेतला होता. मराठी वाचकाला हा मजकूर अनोळखी नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीवरच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी, कोकणी अशा बोलींचे नमुने म्हणून हीच कथा छापली आहे.

बापाकडे परतणाऱ्या मुलाची गोष्ट घरापासून तोडलेल्या माणसांकडून भाषेचा नमुना म्हणून बोलवून घेण्यात केवढी क्रूरता आहे! त्या आवाजांवर सजावट चढवली असती तर तो दुसरा अन्याय ठरला असता. नॉयबाउटेनने त्यांना प्रार्थनेच्या आत जागा दिली. ज्या बँडने मंच खणण्यापासून नाव कमावले, त्याची सर्वांत धार्मिक रचना हीच आहे. ‘कोलाप्स’इतकी गाजलेली नसली, तरी त्याच्याहून ती मोठी आहे.