खर्जाची किंमत

मराठी घरात दोन म्हणी एकाच जिभेवर सुखाने नांदतात. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही एक आणि 'हौसेला मोल नसते' ही दुसरी. पहिली आपण घरच्या खर्चाला लावतो, दुसरी दुसऱ्याच्या लग्नातली रोषणाई पाहून म्हणतो. दोन्ही आपापल्या जागी खऱ्या आहेत. परंतु एकाच वेळी दोन्ही पाळता येत नाहीत. याचा प्रत्यय घरातले बारा वर्षांचे मूल एखाद्या संध्याकाळी "मला बेस गिटार हवी" असे म्हणते तेव्हा येतो.

त्याने पेटी किंवा तबला मागितला असता तर आईबापांना निदान सल्ला तरी देता आला असता. साधी गिटार मागितली असती तरी चालले असते. गोव्यात आणि सीमाभागात गिटार आता परकी राहिलेली नाही. पण बेस गिटार? जिला जेमतेम चार तारा, जिच्यावर गाणे वाजवून दाखवा म्हटले तर गाणे ओळखू येत नाही, जी विजेच्या पेटीला जोडल्याशिवाय धड ऐकूही येत नाही, ती? आणि तिच्यासाठी दहा-पंधरा हजार रुपये? मध्यमवर्गीय घरात ही रक्कम कुठून तरी उचलून आणावी लागते; आणि ज्या कोपऱ्यातून ती उचलली जाते तिथे बहुधा दुसऱ्या मुलाचे काहीतरी ठेवलेले असते. म्हणूनच हा खरेदीपुरता प्रश्न नाही. आपण मुलाला काय देणे लागतो, आणि किती, असा तो आहे.

यावरचे रूढ उत्तर शहाणपणाचे दिसते. 'आधी सगळ्यांत स्वस्त असेल ते घेऊ. टिकला तर पुढे चांगले घेऊ.' या वाक्यात काटकसर आहे आणि थोडी परीक्षाही आहे. आपण म्हणतो, मुलाच्या हौसेची खात्री पटू दे. मला वाटते, या परीक्षेकडे जरा निरखून पाहिले पाहिजे.

अगदी हलक्या दर्जाच्या वाद्यात नेमके काय वाईट असते? रंग वाईट नसतो; तो बहुधा झगझगीतच असतो. दांडी किंचित वाकलेली असते, त्यामुळे तारा पडद्यांपासून नको तितक्या उंच राहतात. बेसच्या तारा मुळातच जाड. त्या दाबताना मोठ्यांची बोटे दुखतात, तिथे मुलाच्या बोटांची काय कथा! घोडी नीट जागेवर बसवलेली नसेल तर मोकळी तार सुरात लागते, पण वरच्या पडद्यावर तीच बेसूर होते. खुंट्या सैल असतील तर लावलेला सूर चार मिनिटांत उतरतो. आता या वाद्यावर मूल महिनाभर बसते, बोटे सोलून घेते, आणि जे येते ते बेसूर येते. त्याचा निष्कर्ष काय? 'वाद्य वाईट आहे' असा नाही. चांगले वाद्य त्याने हातात धरलेलेच नसते. तो निष्कर्ष काढतो, 'मला जमत नाही.' आणि आपण मान डोलावून म्हणतो, 'तरी वाटलेच होते.'

या परीक्षेचा निकाल प्रश्नपत्रिकेतच छापलेला होता. जी हौस टिकते का ते पाहायचे, तीच मोडण्याची सोय आपण पैसे देऊन करून ठेवली होती. दोष वाद्याचा की आपला हे ओळखण्याची शक्ती मुलाकडे नसते. आपल्याकडे असते, किंवा चौकशी करून ती मिळवता येते. ज्याला कळू शकते त्याच्यावर जबाबदारी अधिक, हा साधा न्याय इथेही लागू आहे.

मग उलट टोक बरोबर का? कर्ज काढून, हप्ते बांधून नामांकित कंपनीचे उत्तम वाद्य आणावे? तिथेही एक फसवणूक दडलेली असते. महाग भेटीला हिशेबाची वही चिकटलेली असते. मूल चार दिवस रियाजाला बसले नाही की वही उघडते: 'एवढे पैसे घातले तुझ्यासाठी.' अशा मुलाचा एक महत्त्वाचा हक्क जातो, तो म्हणजे सोडून देण्याचा हक्क. बाराव्या वर्षी बेस गिटार आवडावी आणि चौदाव्या वर्षी रसायनशास्त्र, यात पाप काय आहे? हौस ही आधी हौसच असली पाहिजे. ती कर्जफेड झाली की वाजवणारा हात उरतो, पण मन उरत नाही.

या दोन टोकांच्या मधे 'पुरेसे' नावाची जागा आहे. आपल्याकडे 'पुरेसे' हा शब्द नाइलाजाने उच्चारला जातो. मला तो नीतिशास्त्रातला मानाचा शब्द वाटतो. पुरेसे वाद्य म्हणजे जे मुलाशी खोटे बोलत नाही ते. आपटून सुरात यावे असे नव्हे, पण सुरात लावले तर सुरात राहावे. ही पारख करायला संगीतज्ञ असावे लागत नाही. दांडीवरून एका डोळ्याने, सुतार फळी पाहतो तसे, सरळ पाहावे. मोकळी तार छेडावी आणि मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. तोच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा. कळा फिरवताना खरखर होते का ते ऐकावे. नेहमीच्या बेस गिटारची तार घोडीपासून वरच्या टोकापर्यंत चौतीस इंच असते. तीस इंचांच्या आसपासची आखूड वाद्येही मिळतात, आणि लहान हाताला ती अधिक मानवतात. दहा वर्षांच्या मुलाला आपण थोरल्या माणसाची चप्पल घेत नाही, तर दांडी तरी का घ्यावी? शिवाय सगळी रक्कम वाद्यावर उधळू नये. आवाजाची छोटी पेटी, तीही बेससाठी केलेली, लागतेच; कारण सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे एक्केचाळीस, ती साध्या लहान पेटीला पेलत नाहीत. आणि थोडे पैसे जाणत्या कारागिराकडून तारांची उंची नीट करून घेण्यासाठी राखून ठेवावेत. कधीकधी हे शेवटचे चारशे-पाचशे रुपये सामान्य वाद्याला वाजण्याजोगे करतात. जुने, पण नीट राखलेले वाद्य मिळाले तर त्यात कमीपणा मानू नये.

इथे लिव्हरपूलमधल्या एका घराची गोष्ट आठवते. कापसाच्या व्यापारात नोकरी करणारा एक गृहस्थ हौशी वादक होता. १९५६ साली त्याने मुलाला चौदाव्या वाढदिवसाला ट्रम्पेट दिला. मुलाला गाणे म्हणत वाजवता येईल असे काही हवे होते. त्याने वडिलांना विचारून तो ट्रम्पेट दुकानात बदलून साधी गिटार आणली. वडिलांनी 'हो' म्हटले, याला मी त्या बापाची खरी भेट म्हणतो. तो मुलगा म्हणजे पॉल मॅकार्टनी. पुढे १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये असताना, संघातला बेस वाजवणारा निघाला आणि ती जागा कोणालाच नको होती, तेव्हा ती त्याच्यावर आली. अमेरिकी फेंडरची किंमत शंभर पौंडांच्या घरात. कर्ज काढायचे नाही ही वडिलांची शिकवण. त्याने सुमारे तीस पौंडांना जर्मन बनावटीची, व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर घेतली. ती आखूड तारेची होती, हलकी होती, आणि दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने डावखुऱ्याला उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. बीटल्सची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे त्याच वाद्यावर झाली. १९७२ साली ते चोरीला गेले आणि २०२४ साली परत मिळाल्याचे जाहीर झाले तेव्हा जगभर बातमी झाली. यातून 'स्वस्त घ्या, मूल मॅकार्टनी होईल' असा अर्थ काढणे हास्यास्पद ठरेल. अर्थ इतकाच, की ते वाद्य स्वस्त होते, पण त्याच्या हाताला, खिशाला आणि कामाला पुरेसे होते.

तरी मला वाटते, आईबापांची खरी अडचण पैशांत नसते. गिटारवर मुलाने एखादे गाणे वाजवले तर पाहुण्यांपुढे ते दाखवता येते. बेस वाजवणारा मागे उभा राहतो. मुलाने मागे उभे राहण्याचीच हौस धरावी, हे पचायला जड जाते. पण आपल्या संगीताला ही जागा अनोळखी आहे का? बेळगावहून गाडीत बसले की काही तासांवर मिरज. तिथे दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे घडत आले आहेत. २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्याची शेवटची, बहुधा पितळी तार म्हणजे खर्ज. मैफलीहून परतताना 'आज खर्ज काय वाजला!' असे कोणी म्हणत नाही. पण तो उतरला की गवयाची मान आधी मागे वळते.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात जेम्स जेमरसन नावाचा बेसवादक होता. मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांखाली त्याची बोटे आहेत, पण १९७१ पर्यंत त्याचे नाव तबकडीच्या वेष्टनावर आले नाही. या अन्यायाला अन्यायच म्हटले पाहिजे. नाव न लागण्यात काही थोरवी नसते. परंतु मुलाने त्या जागेची हौस धरली म्हणून तिची किंमत आपण आधीच कमी धरावी, हे त्याच अन्यायाचे घरगुती रूप नव्हे का? सीमाभागातल्या आपल्यासारख्या माणसांना तर ही जागा चटकन कळावी. ताल आणि स्वर या दोघांची भाषा येणारा, एकाचे म्हणणे दुसऱ्याला पोचवणारा बेसवादक हा दुभाषी असतो. कन्नड बाजारात आणि मराठी माजघरात वाढलेल्या मुलाला हे काम शिकवावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट. जेमरसनने पहिला मोठा बेस हातात धरला तो शाळेच्या संगीतवर्गात. तो घरचा नव्हता. आपल्याकडेही पहिले वाद्य घराचे नसे, गावाचे असे. भजनी मंडळाची पेटी, देवळातला पखवाज यांवर कितीतरी मुलांचे हात बसले. गोव्यात चर्चच्या शाळांनी मुलांच्या हाती व्हायोलिन दिले, आणि त्या परंपरेतून आलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. तिथे कुणा एका बापाला पंधरा हजारांचा जुगार खेळावा लागत नव्हता. मूल सोडून गेले तर वाद्य पुढच्या मुलाची वाट पाहत कोपऱ्यात राही. आता आपण प्रत्येक हौस घराच्या चार भिंतींत आणली, आणि तिचा सगळा भार एका पगारावर टाकला.

ती सोय पूर्ण परत आणणे एका घराच्या हाती नाही. पण थोडे हाती आहे. पुरेसे वाद्य घ्यावे, रक्कम मुलाला स्पष्ट सांगावी, धाकटीच्या वाट्याचे काय राखून ठेवले आहे तेही सांगावे. आणि घेतानाच ठरवावे की दोन वर्षांनी हे नको झाले तर गल्लीतल्या, शाळेतल्या, नात्यातल्या दुसऱ्या कोणाला ते द्यायचे. मग सोडणे ही नामुष्की राहत नाही आणि टिकणे ही परतफेड राहत नाही. वाद्य नीट पुसून, तारा सैल न सोडता ठेवले तर तीन-चार मुलांना सहज पुरते.


राहिला पहिल्या महिन्याचा प्रश्न. भिंतीपलीकडून तेच चार स्वर पुन्हा पुन्हा ऐकू येतील. त्यात गाणे ओळखू येणार नाही. तेवढे दिवस 'गाणे कधी वाजवणार?' असे विचारू नये. त्याला पैसे पडत नाहीत.