दुसऱ्यांच्या नोंदवह्या

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला येणारे प्रत्येक समुद्री जहाज गार्डन रीचजवळच्या हुगळीच्या वळणावरून वर जाई. काही जहाजांच्या कप्तानांजवळ वादळातून वाचलेली नोंदवही असे. हेन्री पिडिंग्टनला हव्या असत त्या या वह्या.

1797 साली इंग्लंडात जन्मलेला हा माणूस व्यापारी जहाजांवर घडला. नंतर तो कलकत्त्यात स्थायिक झाला आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा अध्यक्ष झाला. दर्यावर्दीची कारकीर्द आपण त्याने हाकारलेल्या जहाजांवरून मोजतो. पिडिंग्टनचे खरे काम मात्र जमिनीवर पाय टेकल्यावर सुरू झाले. 1839 पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तो एकेका वादळाचा माग लिहीत गेला. एकट्या वहीतून कळते ते इतकेच, की अमुक वेळी वारा अमुक दिशेचा होता. अनेक वह्या एका नकाशावर मांडल्या, की तोच वारा गरगर फिरताना दिसू लागतो. 1845 मध्ये मॉरिशसजवळ 'चार्ल्स हेडल' हे जहाज दिवसचे दिवस वाऱ्यापुढे पळाले. त्याची वही तपासल्यावर ते वादळाभोवतीच फेरे घालत होते, हे पिडिंग्टनने दाखवून दिले. 1848 च्या त्याच्या पुस्तकाने 'सायक्लोन' हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक, अर्थ सापाचे वेटोळे. पुस्तकासोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या होत्या. चकती नकाशावर सरकवायची आणि वादळाचा डोळा कुठे आहे ते ताडायचे. भर समुद्रात भेदरलेल्या माणसाच्या हाती देता येईल असे ज्ञान मला फार मोठे वाटते.

पुढे बंगालमधल्याच मातला नदीवर नवे बंदर उभारायचे ठरत होते. तिथे समुद्राची लाट सारे बुडवील, असा इशारा त्याने 1853 मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीला पत्राने दिला. बंदर झालेच; कॅनिंग त्याचे नाव. पिडिंग्टन 1858 मध्ये वारला. 1864 च्या वादळाने हुगळीतली जहाजे काठावर फेकली आणि 1867 च्या वादळी लाटेने कॅनिंग उद्ध्वस्त केले.

2009 चे फयान आणि 2020 चे निसर्ग ही चक्रीवादळे आपल्या कोकणाने सोसली. उपग्रहाची चित्रे जपलेली आहेत. पण त्या दिवशी वारा कधी फिरला, पाणी कसे चढले, हे किनाऱ्यावरच्या तांडेलांना ठाऊक आहे. हर्णै, मुरूड, वेंगुर्ल्याच्या शाळांनी आणि मच्छिमार सोसायट्यांनी त्यांच्याकडून ते तारीखवार लिहून घ्यावे. ही माणसे आहेत तोवरच ते होईल.