नोंद कोणासाठी?

घाटकोपरच्या एखाद्या चाळीत मध्यरात्री एक तरुण बेशुद्ध पडतो. ओठ निळसर झालेले, श्वास मंदावलेला. शेजारी बसलेल्या मित्राला कारण ठाऊक आहे: ब्राऊन शुगर. १०८ क्रमांक फिरविला तर रुग्णवाहिका येईल, हेही त्याला ठाऊक आहे. तरीही त्याचा हात अडखळतो. पोलिस आले तर?

ही भीती निराधार नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार हेरॉइनचे सेवन हाच गुन्हा आहे आणि त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनाधीनास कलम ६४-अ संरक्षण देते. परंतु मित्रासाठी मदत मागणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.

अशा प्रत्येक घटनेची खबर रुग्णवाहिकेतील सेवकांनी सक्तीने द्यावी काय? अमेरिकेत २०१७ पासून अतिसेवनाच्या घटनांची जागा व वेळ एका सामायिक नकाशावर नोंदविली जाते. या पद्धतीमागचा हेतू समजण्याजोगा आहे. एकाच वस्तीत एका रात्री चार जण कोसळले, तर तेथे विषारी माल आल्याचे कळते आणि पाचव्याला सावध करता येते. ज्या पित्याने मुलगा गमावला आहे, तो ही नोंद मागेल, आणि त्याचे मागणे आपण हलके लेखू नये.

परंतु पाचव्याला वाचविण्यास जागा आणि वेळ पुरेशी आहे. पहिल्याचे नाव लागत नाही. नाव लागते ते खटल्यासाठी. हे दोन हेतू एकाच कागदावर आले की लोक तो कागद पोलिसांचाच समजतात, आणि मग फोनच होत नाही. जेथे फोन होत नाही, तेथे नोंदही होत नाही.

रस्त्यावरील अपघाताबाबत आपण हा धडा शिकलो आहोत. जखमीला इस्पितळात नेणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने त्याला संरक्षण दिले. बेशुद्ध व्यसनाधीनाजवळ बसलेल्या मित्राला तेच का नाकारावे? तोही दोषी असेल, हे खरे. पण त्या क्षणी मरणाऱ्याजवळ दुसरे कोणीच नसते.

१९८१ मध्ये वांद्र्याला फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले, ते व्यसन हा आजार आहे या जाणिवेतून. दयाळू शोमरोन्यानेही जखमीची चौकशी केली नाही. त्याच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि खर्चाचे पैसे दिले. उतारशाळेच्या रक्षकाला एक जखमी आल्याचे कळले, तेवढे पुरे झाले.

आकडा आरोग्य खात्याला अवश्य द्यावा. नाव मात्र रुग्णवाहिकेच्या दाराआडच राहावे. म्हणजे चाळीतल्या त्या मुलाचा हात अडखळणार नाही.