बार उडाला नाही तेव्हा

आमच्या आजोबांकडं पीकराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. निजामाच्या काळी हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. बंदूक तिथूनच गावात आली, असं आजोबा सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. चुलीवर शिसं वितळवून साच्यात गोळ्या पाडायचं काम आजोबांचं. नळी धुणं आणि बार ठासणं माझ्याकडं.

१९७१ चा भादवा. भुईमूग भरत आलेला आणि रानडुकरं एका रात्रीत वावर उकरून टाकायची. आम्ही दोघं माळ्यावर जागलीला. मध्यरात्री शेजारच्या ज्वारीत सळसळ झाली. आजोबांनी नेम धरला, घोडा पडला. टोपी फट्‌कन वाजली, पण बार उडालाच नाही.

अशा वेळी घाई करायची नसते. कधी कधी ठिणगी आत धुमसते आणि बार उशिरा उडतो. आजोबांनी नळी आभाळाकडं केली आणि थांबले. तेवढ्यात ज्वारीतून आवाज आला, "कोन हाय रं माळ्यावर? आमचं वासरू दिसलं का?"

शेजारचे काका होते. आजोबांच्या तोंडून शब्द फुटेना.

सकाळी बार जपून काढला आणि खोट शोधायला बसलो. टोप्या कोरड्या होत्या, घोड्याची कमान ताठ होती. कानाच्या भोकात सुई घातली तेव्हा ओली काजळी निघाली. जळलेल्या काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून बार काढला की नळी गरम पाण्यानं धुवून वाळवायची असते. मागच्या खेपेला मी कंटाळा केला होता. तशाच नळीत नवा बार ठासला होता.

मी हळूच म्हणालो, "आबा, बरं झालं ना मी धुतली नाही?"

आजोबा चिडले नाहीत. म्हणाले, "लेकरा, मानूस वाचला ते नशिबानं. त्याचं पुण्य तुझ्या आळसाला कसं देऊ? अन् बार उडाला न्हाई म्हनून मी सुटलो का? न बघता घोडा तर मीच वढला."

हे मला तेव्हा कळलं नाही. कुणी मेलं नाही तर पाप कसलं, असं वाटायचं. आता वाटतं, उडालेला बार आणि न उडालेला बार यांत फरक काजळीचा होता. माणसात काहीच फरक नव्हता. बंदुकीची खोट सुईनं निघाली. आजोबांना स्वतःची खोट काढायची होती.

त्यांनी ती अशी काढली : त्यानंतर बंदुकीत नुसती दारू भरायची, गोळी नाही. आणि आधी दोनदा हाळी द्यायची. मी म्हणालो, "हाळीनं डुकरं पळतील की." आजोबा म्हणाले, "मंग आपल्याला दुसरं काय पायजे?" गोळ्यांचा साचा तेव्हापासून कोनाड्यात पडून राहिला.

आज आमच्या त्याच वावरात हळद आहे आणि डुकरं आहेतच. परवा पोरगा म्हणाला, "आबा, झटका मशीननं भागत नाही. कुंपणाच्या तारेला थेट लाइनचा करंट जोडू." मी त्याला एवढंच विचारलं, "रात्री कुणाचं वासरू सुटलं तर?"

बंदूक निदान एकदा चुकली होती. करंट कसा चुकणार?