युद्धाचा हिशेब कोणी मागायचा?

१७ नोव्हेंबर २००५ रोजी पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी जॉन मर्था यांनी इराकमधून अमेरिकी फौजा माघारी बोलवा, अशी जाहीर मागणी केली आणि वॉशिंग्टनचे राजकारण ढवळून निघाले. मागणीत नवे काही नव्हते. ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाचा ठराव प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ मतांनी संमत झाला, तेव्हा १३३ सदस्यांनी युद्ध सुरू होण्याआधीच त्याला नकार दिला होता. त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. मर्था यांनी तर त्या वेळी ठरावाच्या बाजूने मत दिले होते, आणि तरी तीन वर्षांनी सरकारला घाम फुटला तो त्यांच्या बोलण्याने. ते मरीन कोअरचे निवृत्त कर्नल होते, व्हिएतनाममध्ये दोनदा जखमी झाले होते आणि संरक्षण खात्याला पैसा मिळवून देणारे म्हणून ओळखले जात. माजी सैनिकाच्या शब्दाला असे वजन का येते, आणि ते यावे का, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीने फार ठळकपणे पुढे आणला आहे. माझ्या मते त्या वजनातला एक भाग रास्त आहे, दुसरा लोकशाहीला घातक आहे, आणि आपण सहसा या दोहोंची गल्लत करतो.

मर्था यांचा जन्म १९३२चा. कोरियाचे युद्ध चालू असताना, १९५२ मध्ये, ते कॉलेज सोडून मरीन कोअरमध्ये भरती झाले. पॅरिस आयलंडच्या तळावर रंगरुटांना कवायत शिकवणारे उस्ताद झाले, पुढे अधिकारी झाले. मग राखीव दलात राहून जॉन्सटाउन या पोलाद कारखान्यांच्या गावात गाड्या धुण्याचा व्यवसाय केला. १९६६ मध्ये, तिशी उलटलेली आणि संसार मांडलेला असताना, त्यांनी आपण होऊन व्हिएतनामला जाण्याची तयारी दाखवली. फेब्रुवारी १९७४ मधली पोटनिवडणूक त्यांनी जेमतेम १२२ मतांनी जिंकली आणि व्हिएतनाममध्ये लढून प्रतिनिधिगृहात आलेले ते पहिले सदस्य ठरले. त्या काळात तिथले चारांपैकी तीन सदस्य कधी ना कधी गणवेशात वावरलेले होते, त्यामुळे छातीवरच्या पदकांचे कोणाला विशेष अप्रूप नव्हते. पण सक्तीची भरती १९७३ मध्येच थांबली होती. इराकयुद्धापर्यंत हे प्रमाण चारांपैकी एकावर आले, आणि प्रत्यक्ष सेवेतल्या सैनिकांची संख्या देशाच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही खाली गेली. सैनिक दुर्मीळ झाला तसा त्याचा शब्द वजनदार झाला. हे वजन निव्वळ आदरातून आले असे मला वाटत नाही. आपण स्वतः जे दिले नाही त्याची टोचणी त्यात बरीच आहे.

आता रास्त भाग. त्या नोव्हेंबरच्या निवेदनात मर्था यांनी डावपेचांची चर्चा कमी केली आणि जखमींविषयी अधिक सांगितले. वॉल्टर रीड आणि बेथेस्डा इथल्या लष्करी रुग्णालयांत ते जवळजवळ दर आठवड्याला जात. तिथे भेटलेल्या एका तरुण मरीनचे दोन्ही हात तुटले होते, दृष्टी गेली होती. त्याच्या आईला तुमच्यासाठी काय करू असे विचारल्यावर ती म्हणाली, त्याला पर्पल हार्ट मिळवून द्या. हे पदक शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यालाच मिळते, आणि हा मुलगा जखमी झाला होता तो अमेरिकेनेच टाकलेले, न फुटलेले छोटे बाँब निकामी करताना. बाँब आपलेच, म्हणून पदक नाही. मर्था मरीन कोअरच्या प्रमुखांकडे गेले आणि तुम्ही देत नसाल तर माझ्या दोनांपैकी एक त्याला देतो, असे त्यांनी बजावले. पदक मिळाले. सैनिकी अनुभव लोकप्रतिनिधीला काय देतो ते इथे दिसते. दोन हजारांवर मृत आणि हजारो जखमी हा आकडा सभागृहातल्या प्रत्येकापुढे होता. त्या आकड्यामागे कोणते नियम, कोणते अर्ज, कोणती आई आहे, हे विचारावेसे वाटणे त्या अनुभवातून येते. २००३ मध्ये इराकला जाऊन आल्यावर सैनिकांकडे पुरेशी चिलखते नाहीत अशी तक्रार त्यांनी केली, तीही याच नजरेने.

पण या अनुभवातून युद्धाबद्दलचे योग्य मत आपोआप निघते, असे कोणी म्हणेल तर पुरावा उलट आहे. मर्था यांच्या मागणीच्या दुसऱ्याच दिवशी, १८ नोव्हेंबरला, ताबडतोब माघारीचा एक ठराव मुद्दाम पाडण्यासाठी सभागृहापुढे आणला गेला आणि ४०३ विरुद्ध ३ मतांनी पडला. तो आणणारे डंकन हंटर स्वतः व्हिएतनाममध्ये लढले होते. माघारीला विरोध करणारे सॅम जॉन्सन जवळजवळ सात वर्षे उत्तर व्हिएतनामच्या कैदेत होते, आणि सिनेटमधले जॉन मॅकेनही तिथे युद्धकैदी होते. या तिघांनीही युद्ध जवळून पाहिले होते, आणि जॉन्सन आणि मॅकेन यांनी तर मर्था यांच्याहून कितीतरी अधिक सोसले होते. तरी त्यांचा निष्कर्ष उलटा होता. शिवाय २००२ मध्ये खुद्द मर्था यांनी युद्धाच्या बाजूनेच मत दिले होते. रणांगण किंमत शिकवते. ती किंमत मोजण्याजोगी आहे का, हा निर्णय राजकीय असतो, आणि तिथे कर्नल आणि शिक्षिका एकाच पायरीवर उभे असतात.

घातक भाग इथून सुरू होतो. त्याच चर्चेत ओहायोच्या प्रतिनिधी जीन श्मिट यांनी एका मरीन कर्नलचा निरोप म्हणून, भेकड पळ काढतात, मरीन कधीच नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. सभागृहात गदारोळ झाला आणि त्यांना शब्द मागे घ्यावे लागले. लक्षात घेण्यासारखे हे की मर्था यांना खोडून काढायलाही दुसरा मरीनच आणावा लागला. इकडे मर्था यांनीही उपाध्यक्ष डिक चेनी यांनी तरुणपणी सक्तीच्या भरतीतून पाच वेळा सवलत घेतल्याचे काढले. संतापाच्या भरात हे समजण्यासारखे आहे, पण हा युक्तिवाद मान्य केला तर लष्करात न गेलेल्या माणसाला युद्धावर बोलण्याचा अधिकारच उरत नाही, आणि आधीच नकार देणाऱ्या १३३ जणांपैकी बहुतेकांचा आवाज त्यात बुडतो. ते बरोबर होते, आणि वेळेवर होते. त्यांची दखल घ्यायला तीन वर्षांनी एक पदकवाला उभा राहावा लागला, ही मला त्या लोकशाहीची मोठी हार वाटते.

कोणी म्हणेल, परिणाम चांगला झाला ना, मग वजन कुठून आले याची चिकित्सा कशाला? कारण तेच वजन इतर ठिकाणीही चालते. मर्था दीर्घकाळ संरक्षण खर्चाच्या उपसमितीत होते, दोनदा तिचे अध्यक्ष होते. पोलाद कारखाने बंद पडलेल्या आपल्या मतदारसंघात त्यांनी संरक्षण कंत्राटे आणि सरकारी पैसा अक्षरशः ओतला. तिथल्या विमानतळाला त्यांचेच नाव मिळाले, आणि दिवसाला मोजकीच विमाने उडणाऱ्या त्या विमानतळावर झालेल्या खर्चावर देशभर टीका झाली. त्यांच्या उपसमितीच्या एका माजी कर्मचाऱ्याने कंत्राटदारांसाठी चालवलेल्या संस्थेवर २००८ मध्ये एफबीआयचा छापा पडला आणि पुढे तो निवडणूक देणग्यांच्या गुन्ह्यात दोषी ठरला. मर्था यांच्यावर आरोपपत्र झाले नाही. बेरोजगार गावासाठी काम मागणे पाप नाही, आणि जॉन्सटाउनच्या लोकांनी त्यांना पुनःपुन्हा निवडून दिले ते उगाच नाही. पण जो संरक्षण खर्चाला प्रश्न विचारायचा तोच लष्कराचा सर्वांत विश्वासू माणूस ठरला, की त्याला प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही.

मग किंमत सर्वांना कळावी कशी? कोरियात जखमी झालेले न्यूयॉर्कचे प्रतिनिधी चार्ल्स रँगेल यांनी २००३ मध्ये सक्तीची सेवा परत आणण्याचे विधेयक मांडले. सत्ताधाऱ्यांची मुले पाठवावी लागली तर युद्धे सहज होणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २००४ मध्ये सुनावणीविना मतदान घेऊन ते ४०२ विरुद्ध २ असे पाडण्यात आले. रँगेल यांनी निषेध म्हणून स्वतःच्याच विधेयकाविरुद्ध मत दिले, आणि बाजूच्या दोन मतांपैकी एक मर्था यांचे होते. इथे मी या दोघांशी सहमत नाही. सक्तीच्या भरतीतूनही वजनदार घरांची मुले निसटतात, हे व्हिएतनामच्या वेळी दिसलेच होते. इराकयुद्धाचा खरा दोष मला दुसरीकडे दिसतो. २००१ आणि २००३ मध्ये कर कमी केले गेले आणि युद्ध कर्ज काढून चालवले गेले, त्यामुळे ज्या घरातला कोणी गेला नाही त्या घराला युद्धाची झळ लागलीच नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये प्रतिनिधिगृहातलेच डेव्हिड ओबी, जिम मॅकगव्हर्न आणि मर्था यांनी यावर नेमका उपाय सुचवला : युद्धाचा खर्च भागवण्यासाठी प्राप्तिकरावर अधिभार. मॅकगव्हर्न कधीच लष्करात नव्हते, आणि त्या मागणीसाठी तसे असण्याची गरजही नव्हती. त्यांच्याच पक्षाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी ही सूचना लगोलग फेटाळली. करदात्याच्या पाकिटापर्यंत येणारा तो हिशेब सभागृहापुढे मतदानाला आलाच नाही.